चढ कुठं गेला?

सोलापुरातल्या सात रस्त्याला नेमके कुठले सात रस्ते मिळतात, यावर आमच्या कट्ट्याचं गेल्या तीस वर्षांत एकमत झालेलं नाही. एकजण पाचावर थांबतो, दुसरा बोळ धरून आठ करतो. त्या संध्याकाळी मात्र वाद वेगळाच निघाला. मे महिना होता. सात वाजले तरी डांबरातून धग येत होती आणि शासकीय विश्रामगृहाजवळच्या टपरीवर माझा मित्र मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. मोबाइलला दोन्ही बाजूंनी खेकड्यासारखा धरलेला कंट्रोलर, चष्मा कपाळावर, जीभ दातांत. पडद्यावर एक सायकलवाला कड्यावरून सुटून हवेत होता. मित्राचं वय ५१.

"काय करलालास बे? चहाचं पाणी झालं," मी म्हटलं.

"थांब. उतरू दे त्याला."

तो उतरला नाही, झाडावर गेला. हातपाय चिंध्यांच्या बाहुलीसारखे फेकत दोन कोलांट्या खाल्ल्या आणि पुढच्या क्षणी तोच गडी कपडे न मळवता पुन्हा सायकलवर हजर. मित्रानं तेव्हा कुठं कपाला हात लावला.

नेमकी त्याच वेळी त्याची भाची आली, खऱ्या सायकलवरून. विजापूर रोडनं कंबर तलावापर्यंत आणि परत, ही तिची रोजची फेरी. हेल्मेट काढून बाकड्यावर ठेवलं, बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं आणि मामाच्या खांद्यावरून पडद्यात डोकावली.

"मामा, आज कितीदा मेलास?"

"एकवीस."

"आणि खरचटलं कितीदा?"

इथून सुरुवात झाली. मी मध्ये बसलो होतो, म्हणून दोन्हीकडचं मला नीट ऐकू आलं.

मामाची बाजू समजायची तर त्याचा पूर्वेतिहास सांगायला हवा. या माणसानं इथून हाकेच्या अंतरावर सायबर कॅफे चालवला होता. तेव्हा पोरं ईमेल बघायला म्हणून यायची आणि 'रोड रॅश' खेळून जायची. मोटारसायकलवरून पळता पळता शेजारच्याला साखळीनं हाणायचं, असा तो प्रकार. पुढं यानं दोन प्लेस्टेशन आणले आणि तासावर लावले. २००३ साली आलेला 'डाउनहिल डॉमिनेशन' त्यात होता. तीच 'रोड रॅश'ची मारामारी, फक्त डोंगरउतारावर आणि सायकलवर. लाथ घाला, बाटली फेकून मारा, जमलं तर दरीत ढकला. डिस्क अस्सल होती का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. कॅफे गेला, प्लेस्टेशन भंगारात गेले, खेळाचा नाद मात्र राहिला. आता तो 'डिसेंडर्स' खेळतो. तो हॉलंडच्या रेजस्क्विड नावाच्या छोट्या कंपनीनं २०१८ मध्ये अर्धवट अवस्थेत बाहेर आणला आणि २०१९ मध्ये पुरा केला.

"तू म्हणतेस तसला हा टाइमपास नाही," मामा म्हणाला. "ह्यात डोंगर पाठ होत नाही. संगणक दर वेळी नवा उतार रचतो. काल जिथं वळण होतं तिथं आज नुसती हवा. आणि जीव मोजके देतो. संपले की सगळं पहिल्यापासून. म्हणून वाट वाचायला शिकावी लागते. पुढच्या चाकाकडं बघत बसलास की मेलास. नजर लांब ठेवायची, चाक आपोआप मागनं येतं."

भाची गप्प झाली. मला वाटलं चिडली. पण ती म्हणाली, "हे आमच्या सरांचंच वाक्य आहे. पहिल्या महिन्यात रोज हेच ओरडायचे."

"मग? मला फी न भरता कळलं."

"कळलं म्हणजे अंगठ्याला कळलं," ती म्हणाली. "बनी हॉप कसा मारतोस, सांग."

"उजवी स्टिक खाली ओढायची, मग झटक्यात वर."

ती उठली. टपरीसमोर रस्त्याच्या कडेला गटारावरची लोखंडी जाळी आहे, सायकलचं चाक अडकेल एवढ्या फटींची. चार पावलांवरून तिनं पायडल समांतर केले, गुडघे मोडले, हँडल पोटाशी ओढत अंग मागं टाकलं आणि पुढचं चाक वर येताच उसळून हँडल पुढं रेटलं. दोन्ही चाकं जाळीवरून वीतभर उंचीनं गेली. चहावाला टाळ्या वाजवायला लागला. क्रम बघितला तर मामाच्या स्टिकचाच होता, आधी खाली आणि मग वर. ज्यानं तो खेळ लिहिला त्यानं कधीतरी सायकल उडवली असणार, हे मला पटलं.

मग मामानं ती सायकल उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. "पंधरा किलो तरी असेल की गं!"

"ते तुझ्या पडद्यात कुठं कळतं?"

वजन कळत नाही, हे खरंच आहे. पण मामा हार मानणाऱ्यातला नव्हे. त्यानं सायकलच्या जाड टायरवर बोट ठेवलं. "हे काय आहे? हे कुठल्या डोंगरासाठी? सोलापूर म्हणजे ताटासारखं सपाट. पुढं स्प्रिंग, खाली नक्षीचे टायर, दांड्यावर एमटीबीचं स्टिकर, आणि चालवणार कुठं, तर सात रस्ता ते कंबर तलाव. माझा डोंगर निदान पडद्यात आहे. तुझा तर फक्त स्टिकरवर आहे."

ह्याला मी मनातल्या मनात दाद दिली. आमच्या काळात असल्या सायकलला सरसकट 'रेंजर' म्हणायचे. मूळ नाव एका कंपनीच्या मॉडेलचं, पण जाड टायर दिसला की ती रेंजर. गिअर नसलेली, स्प्रिंग नसलेली रेंजर घेऊन पोरं शाळेत जायची आणि जणू हिमालयातनं उतरून आल्यासारखी उभी राहायची. डोंगराचं सोंग आधी सायकलच्या दुकानात आलं आणि पडद्यावर नंतर, असं म्हटलं तर चूक ठरणार नाही.

भाचीनं मात्र ह्याचं उत्तर दुसऱ्या टोकाकडनं दिलं. "डोंगर नसेल, पण काळं रान आहे ना. जूनमध्ये ये एकदा. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत सायकल घातली की दहा हातांवर चाक फिरायचं बंद. माती टायरला चिकटते, त्या मातीला माती चिकटते, फोर्कमध्ये गच्च बसते. काडीनं उकरत बसायचं, नाहीतर सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. तुझ्या कुठल्या खेळात आहे ही माती?"

नाही. मी नंतर मुद्दाम चौकशी केली. बर्लिनच्या मेगागॉनचा २०१९ चा 'लोनली माउंटन्स' आहे. त्यात झाडी, खडक, वाळवंट, ओढे सगळं सुरेख आहे आणि बाकी कोणी माणूस नाही. २०२१ मध्ये आलेल्या युबिसॉफ्टच्या 'रायडर्स रिपब्लिक'मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना जोडून एक अख्खा प्रदेश केलाय आणि एका शर्यतीत पन्नासावर खेळणारे एकदम सुटतात. पण चाक धरून ठेवणारी काळी माती कोणी केलेली नाही. करून विकली जाणार कशी? खेळणाऱ्याला वेग हवा असतो, अडकून पडायला कोण पैसे देईल?

मधल्या काळात 'व्यसन' हा शब्द यायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, हे दोघांनाही माहीत होतं. भाचीच्या मते मामाला व्यसन आहे ते चहाचं. मामाच्या मते भाचीला ते सायकलचं. विषय तिथंच मिटला.

भीतीवर मात्र दोघं बराच वेळ अडकले. भाचीचं म्हणणं होतं की पडण्याची किंमत नसेल तर धाडसाला धाडस म्हणायचंच कशाला? तिच्या डाव्या कोपरावर चार टाक्यांची खूण आहे. ती दाखवून म्हणाली, "ही पडली त्या दिवसापासून मी ब्रेक वळणाच्या आधी मारते, वळणात नाही. हे मला एका पडण्यात कळलं. तुला एकवीस पडण्यांत काय कळलं?"

मामा जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गड्ड्याला तू दर वर्षी जातेस ना?"

"जाते. त्याचा काय संबंध?"

"संक्रांतीच्या यात्रेत होम मैदानावर मौत का कुआँ असतो. लाकडी फळ्यांची गोल भिंत, आत मोटारसायकल घरघरत वर चढते. वर कठड्याशी आपण तिकीट काढून उभे. तो गडी हात सोडतो, नोट ओढून घेतो आणि आपण श्वास रोखतो. खरं सांग, तू काय बघायला जातेस? तो सुखरूप उतरतो हे, की पडला तर दिसावं हे? लहानपणापासून मी तो खेळ वरून बघत आलोय. धाडस दुसऱ्याचं, पोट दुसऱ्याचं, मजा माझी. पडद्यावर निदान मीच आत असतो आणि मीच पडतो. दुसऱ्या कोणाची आई घरी वाट बघत बसत नाही."

यावर भाचीला उत्तर सापडलं नाही. मलाही नाही. गड्ड्याच्या त्या कठड्याशी मी किती वेळा उभा राहिलोय ते मला माहीत आहे.

पडण्याचं माझंही एक आहे. आमच्या लहानपणी या सपाट गावात उतार म्हणून जो काही होता, तो रेल्वेच्या पुलाचा. तासाच्या भाड्यानं सायकल घ्यायची, भैया चौकाच्या पुलावर ढकलत न्यायची आणि वरून सोडायची. पायडल मारायचे नाहीत असा नियम. एकदा माझ्या सायकलचे ब्रेकचे रबर झिजून पत्र्याला टेकले होते, हे मला अर्ध्या उतारावर कळलं. हनुवटी फुटली, हँडल वाकलं, आणि दुकानदारानं त्या वाकड्या हँडलचे दोन रुपये जादा घेतले. पूल ढकलत चढायला लागलेली दहा मिनिटं मात्र माझ्या आठवणीत कुठंच नाहीत. उताराचा अर्धा मिनिट आहे, वाऱ्यासकट.

हे मी बोलून गेलो आणि भाचीनं ते बरोबर पकडलं.

"काका, तुम्ही आत्ता काय म्हणालात? चढ आठवत नाही. ह्यांच्या खेळातही तेच झालंय. मामा, तुझा तो गडी डोंगराच्या माथ्यावर पोचतो कसा?"

"पोचतो म्हणजे? सुरुवातच माथ्यावरनं होते."

"तेच विचारतेय. वर कोणी नेलं त्याला? चढ कुठं गेला?"

टपरीवर क्षणभर फक्त स्टोव्हचा आवाज. मला वाटलं आता मामा संपला. पण सायबर कॅफे चालवलेल्या माणसाला इतिहास पाठ असतो.

"हा खेळ जन्मालाच उतारावर आलाय," तो म्हणाला. "१९७६. कॅलिफोर्नियात मरिन परगण्यात फेअरफॅक्स नावाचं गाव. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, ही सगळी पोरं. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या जाड टायरच्या सायकली गोळा करायची आणि एका मातीच्या रस्त्यावरनं खाली सोडायची. दोनेक मैलांत तेराशे फूट उतार. ब्रेक म्हणजे उलटं पायडल मारलं की लागणारा, मागच्या हबमधला. खाली येईपर्यंत तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब खोलायचा आणि ग्रीस पुन्हा भरायचं. इंग्रजीत त्याला रीपॅक म्हणतात, म्हणून शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. आणि वर कसे जायचे? पुष्कळदा ट्रकमध्ये सायकली टाकून! आजही डाउनहिलचे मोठे खेळाडू लिफ्टनंच वर जातात. त्यांना कोणी विचारत नाही चढ कुठं गेला."

मुद्दा बिनतोड होता. भाचीनं दुसरा चहा मागवला. कोपरं टेबलावर टेकवली.

"बरं. मग ऑलिंपिकमध्ये काय आहे सांग. १९९६ ला अटलांटात माउंटन बाइक आली ती क्रॉस कंट्री. चढ, उतार, दगड, चिखल, परत चढ. डाउनहिल आजपर्यंत ऑलिंपिकमध्ये नाही. संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय विजेती झाली तीही क्रॉस कंट्रीत. आणि आपल्याकडची जुनी मुंबई–पुणे सायकल शर्यत घे. त्यात बोरघाट आहे. घाटात जो पहिला वर पोचतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. वर पोचतो त्याला! घाट उतरणाऱ्याला आपल्याकडं कोणी राजा केलेलं नाही."

हे वाक्य ऐकून मी हातातला कप खाली ठेवला. घाटाचा राजा हा किताब मी वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलो, पण तो चढाचा मान आहे हे असं लक्षात आलं नव्हतं. फ्रान्सच्या शर्यतीतही डोंगराचा राजा म्हणजे चढणाराच, लाल ठिपक्यांचा शर्ट त्यालाच मिळतो. सायकलवाल्यांच्या जगानं इतकी वर्षं घामाला मान दिला आणि खेळ बनवणाऱ्यांनी त्यातला घाम तेवढा गाळून उरलेला वारा विकला. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण भाचीचा प्रश्न मला तिथंच बरोबर वाटला आणि अजूनही वाटतो. पडद्यावरच्या सायकलीचा खोटेपणा पडण्यात नाही. पडण्याची थोडीफार किंमत खेळवाल्यांनी मोजके जीव देऊन का होईना, लावलीय. खोटेपणा आहे तो माथ्यावर फुकट पोचवण्यात.

मामाचा शेवटचा पत्ता अजून हातात होता. "चढाचे पण खेळ आहेत. झ्विफ्ट ऐकलंस? २०२० साली सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं त्यावर ई-स्पोर्ट्सच्या विश्वविजेतेपदाची पहिली स्पर्धा घेतली. पुरुषांत जिंकला कोण? जेसन ऑस्बोर्न. जर्मनीचा होडी वल्हवणारा! त्यावर त्याला खऱ्या व्यावसायिक सायकल संघात जागा मिळाली. मधेच टोकियोत जाऊन वल्हवण्यातलं रौप्यपदक घेऊन आला. पडद्यावरनं रस्त्यावर गेला की नाही माणूस?"

"मामा," भाची अगदी हळू म्हणाली, "झ्विफ्ट पायानं खेळतात. सायकल ट्रेनरवर चढवायची आणि घरात पायडल मारायचे. पडद्यावर घाट आला की ट्रेनर जड होतो. त्याच्यात घाम आहे रे. तू ज्याला खेळ म्हणतोस त्यात पाय कुठं आहेत?"

मामानं अंगठ्यांकडं बघितलं. हसला. हा माणूस हरला की हसतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. मग म्हणाला, "मे महिन्यात दुपारी दोनला, ४४ डिग्रीत, सात रस्त्यावर सायकल काढून दाखव. मग बोलू."

"दुपारी दोनला मी पण घरात असते."

"काय करतेस?"

भाचीनं हेल्मेटचा पट्टा लावायला घेतला. लावता लावता ओठ दाबून हसली. "लोनली माउंटन्स. दादाच्या लॅपटॉपवर. पण तो फक्त उन्हाळ्यात."

आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारच्या बाकड्यावरचे लोक वळून बघायला लागले. तिनं मात्र आपला मुद्दा सोडला नाही. तिला त्या खेळात उतारापेक्षा थांबणं आवडतं म्हणे. मध्ये मध्ये टप्प्याची जागा येते, तिथं पोचलं की पडल्यावर पुन्हा तिथून सुरू करता येतं, आणि कोणी घाई करत नाही. खऱ्या घाटात अशी जागा एकच असते आणि ती आपल्याला आपणच ठरवावी लागते, दम जिथं संपेल तिथं.

मग रविवारचं ठरलं. तुळजापूर. कोजागिरीला अर्धं सोलापूर चालत जातं तो रस्ता, अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ती आणि तिच्यासोबतचे चौघं पहाटे साडेचारला निघणार, ऊन चढायच्या आत परत. मामानं स्वतःहून विचारलं, "मी येऊ?"

"ये की. सायकल माझ्या भावाची घे. सीट खाली करून देते."

"गुडघा दुखतो गं."

"मग टेंपो सांगू का? घाटाच्या माथ्यावर सोडेल. तिथून तू रीपॅकवाल्यांसारखा ये."

मामानं मोबाइल खिशात टाकला, कंट्रोलर काढून दुसऱ्या खिशात. ट्रकांच्या मधून घाट उतरायची हिंमत पडद्यावर मिळत नाही, हे तो मला नंतर एकट्याला म्हणाला. त्या रस्त्यावरून आता सोलापूर ते धाराशिव चौपदरी महामार्गाची वाहतूक धावते. भाचीला तेवढ्यासाठी मी सांगून ठेवलंय की उताराला वेग धरायचा नाही, मागं लाल दिवा लावायचा आणि ट्रकच्या डाव्या कुशीत शिरायचं नाही. तिनं ऐकल्यासारखं केलं.

मामा येणार की नाही, हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. सीट खाली करून ठेवलीय. सोलापुरातून निघालं की तुळजापूरचा घाट अगदी शेवटी येतो, परतताना तो सुरुवातीलाच येतो.